गडग्यावरचा फणस

अण्णांचं घर भाड्यानं जाणार हे कळलं तेव्हा भाडं किती ठरलं, हे वाडीत कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की रात्री त्यांना कोंडून ठेवणार ना?

रत्नागिरीपासून एसटीनं तासाभरावरची ही वाडी. चाळीसेक घरं, त्यातली निम्मी वर्षातले दहा महिने बंद. माणसं मुंबईला आणि वासे वाळवीला. अण्णा डोंबिवलीला असत, गणपतीला आणि मे महिन्यात येत. एका पावसाळ्यात मागची पडवी खचली तेव्हा गवंडी त्यांना म्हणाला, "घरात रोज चूल पेटत असती तर ही पाळी आली नसती." अण्णा काही फार मोठ्या मनाचा माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. एका संस्थेला मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या चार बायकांसाठी घर हवं होतं, भाडं पाच तारखेच्या आत खात्यात जमा होणार होतं, करार अकरा महिन्यांचा होता. घरात चूल पेटेल म्हणून त्यांनी सही केली.

मग देवळात सभा बसली. संस्थेच्या समाजसेविका आल्या, त्यांना सगळे मॅडम म्हणत. कुणी म्हणालं, पोरंबाळं खेळतात, उद्या काही झालं तर? कुणी म्हणालं, सरकारनं त्यांच्यासाठी एवढी इस्पितळं बांधलीत, ठाण्याला, येरवड्याला, नागपूरला, इथं रत्नागिरीला, ती काय ओस पडलीत? मॅडम म्हणाल्या, "ओस नाहीत, तीच तर अडचण आहे. या बायकांना आता इस्पितळाची गरज नाही. घरी जायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी लिहूनही वर्षं झाली. पण एकीचा पत्ता खोटा निघाला, एकीचा भाऊ फोन उचलत नाही, एकीला आपलं गावच आठवत नाही." 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा त्यांनी समजावून सांगितला. घरचे नेत नाहीत, डोक्यावर छप्पर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कुणाला इस्पितळात ठेवून घेता येत नाही. बाहेर राहण्याची सोय उभी करणं हे सरकारचं काम आहे. सरपंच म्हणाले, "मग काढा की एखादा आश्रम, गावाबाहेर." मॅडम म्हणाल्या, "भिंत लहान केली म्हणून इस्पितळाचं घर होत नाही हो." चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेनं 2015 पासून हे करून दाखवलं होतं: साध्या वस्तीत भाड्याचं घर, चार-पाच जणी, सोबतीला मदतनीस, आणि अमुक महिन्यांत बऱ्या होऊन निघा अशी मुदत नाही.

वाडीला चेन्नईशी काही देणंघेणं नव्हतं. पण घर अण्णांचं आणि सही अण्णांची, त्यामुळं बोलण्यापलीकडं कुणाच्या हातात काही उरलं नव्हतं. कोयत्या-विळ्या कुलपात ठेवायच्या, एवढं कबूल करून घेऊन सभा उठली.

चौघींबरोबर मंगल आली. शेजारच्या गावची, बारावी झालेली, पंचविशीची. तिनं त्यांच्यातच राहायचं, गोळ्या वेळेवर बघायच्या, बाजारहाटाला सोबत करायची आणि रात्री वहीत नोंद करायची. वहीत रकाने आखलेले होते: झोप, जेवण, आंघोळ, औषध, चिडचिड.

पहिल्या आठवड्यात मंगलला वाटलं, बायका काहीच मागत नाहीत, बरं आहे. मग लक्षात आलं, त्या सगळंच मागतात. पाणी पिऊ का? संडासला जाऊ का? दार लोटू का? सहा वाजले की चौघी ताटल्या घेऊन एकीमागं एक उभ्या, कारण वॉर्डात जेवण सहाला येई. सगळ्यांत थोरल्या अक्का. त्यांनी साबणाची वडी हातात घेऊन विचारलं, ही कुणाची? तुमची, म्हटल्यावर त्यांनी ती रुमालात बांधून उशाखाली ठेवली आणि पुढं कितीतरी दिवस ठेवत राहिल्या. ओल्या साबणानं उशी चिकट व्हायची, तरी. कुलपातली विळी मात्र आठ दिवसांत बाहेर आली. कांदा दातानं चिरता येत नाही.

इंदू या चौघींत सगळ्यांत कमी बोलणारी. पन्नाशीला टेकलेली, मूळची सोलापूरकडची. आजार स्किझोफ्रेनिया, गोळी क्लोझापिन, आणि ती गोळी घेणाऱ्याचं रक्त ठरावीक मुदतीनं तपासावं लागतं, म्हणून तिची ओपीडी कधी चुकायची नाही. ती वॉर्डात गेली तेव्हा हजाराची नोट चालत होती. दुकानात पहिल्यांदा गेली तेव्हा तिनं पाचशेची नवी नोट उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, "ही तर खेळण्यातली दिसती." दुकानदार हसला नाही. घाईघाईनं "हो हो, बरोबर" म्हणाला.

हे "हो हो, बरोबर" मग वर्षभर चाललं.

भीती दोनेक महिन्यांत ओसरली होती. तिच्या जागी माया आली, आणि ही माया जरा चमत्कारिक होती. गणपतीत चौघींसाठी मोदक आले, दिवाळीत जुन्या साड्या आल्या. नळाला पाणी आलं की बायका बाजूला होऊन इंदूची कळशी आधी लावू देत. दोन-पाच रुपये कमी पडले तर दुकानदार सोडून देई. बोलायचं ते सगळं मंगलशी. "ह्या गोड खातात का गो?" "ह्यांना थंडी वाजते का?" इंदू समोर उभी असे. मंगळवारी ती आज सोमवार म्हणाली, तरी कुणी तिला सांगत नसे की नाही, मंगळवार. शिमग्याला पालखी खळ्यात आली तेव्हा ओटी कुणी भरायची यावर थोडी कुजबूज झाली. अक्कांनी भरली, सगळ्यांनी माना डोलावल्या, पालखी पुढच्या घरी गेली. पालखीच्या मानावरून माणसं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, इथं कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. मला विचाराल तर हे लक्षण काही बरं नव्हतं. ज्याच्याशी आपण कधीच भांडत नाही, तो एक तर फार मोठा असतो किंवा आपल्या हिशेबातच नसतो.

दरम्यान कागदं होत होती. आधार कार्ड निघालं, बँकेत खातं उघडलं, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज गेला. प्रत्येक कागदावर पत्ता म्हणून अण्णांच्या घराचा नंबर. कार्ड हातात पडलं तेव्हा इंदूनं तो पत्ता मोठ्यानं वाचला, मग मंगलला विचारलं, "भाडं थकलं तर हे कार्ड परत घेतात का?" मंगल नाही म्हणाली खरी, पण तिचीही खात्री नव्हती.

अण्णांच्या खळ्याला लागून जांभ्या दगडाचा गडगा, आणि गडग्यापलीकडं काकीचं घर. काकी सत्तरीची, एकटी, दोन्ही मुलगे मुंबईला. वाडीत तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नसे. गडग्याला चिकटून तिचा फणस, बुंधा तिच्या बाजूला आणि एक जाडजूड फांदी अण्णांच्या खळ्यात. त्या वर्षी त्या फांदीला एकच फणस धरला.

खळं रोज सकाळी इंदू झाडायची. फणसाची पानं काय, संपतात थोडीच. ती गोळा करून परसात माडाच्या आळ्यात टाकायची. झाडून झालं की फणसावर टिचकी मारायची आणि कान लावायची. फणस तयार झाला का हे कोकणात सगळेच असं बघतात, आवाज बद्द आला की काढायचा. पण इंदूनं कान लावला तेव्हा काकी घरात जाऊन सुनेला फोनवर म्हणाली, "बिचारी फणसाशी बोलते गो."

मे महिन्यातल्या एका सकाळी आवाज बदलला. इंदूनं हाताला खोबरेल चोपडलं, स्टूल आणलं, कोयती काढली. कोयती अजून कुलपातच असायची, पण किल्ली कुठं असते ते चौघींना ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे मंगलला ठाऊक होतं. देठावर दोन घाव बसले. फणस धप्पकन खाली आला, चिकाचा शिंतोडा इंदूच्या गालावर उडाला.

आवाजासरशी काकी गडग्याशी हजर.

"कुणाला विचारून काढलास गो फणस?"

"माझ्या अंगणातला हाय."

"अंगण तुझं असेल, झाड माझं आहे! माझ्या सासऱ्यानं लावलंन आहे!"

"झाड तुमचं, मग पानं बी तुमची. वर्षभर मीच झाडती. तवा न्हाई कोण आलं मागायला."

"अगो, पानं झाडलीस म्हणून फणस तुझा? उद्या देऊळ झाडशील नि देव माझा म्हणशील!"

"देवाचा कचरा माझ्या दारात पडत न्हाई!"

मंगल ओट्यावर थिजून उभी. इंदूचा हा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता. खणखणीत, उन्हातल्या बाजारात भाजीचा भाव पाडणाऱ्या बाईचा. अक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या. भांडण रंगात आलं होतं. काकीनं पदर खोचला, पुढचं बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिची नजर इंदूच्या हातातल्या कोयतीवर गेली. आपण कुणाशी भांडतोय ते तिला एकदम आठवलं. चेहरा मऊ झाला, आवाज खाली आला.

"जाऊ दे हो बाय. घे तू. तुझी तब्येत बरी नसते. खा हो, खा."

इंदू बघतच राहिली. मग ओरडली, भांडताना ओरडली नव्हती तेवढ्यानं ओरडली.

"भांडा की! मधीच का थांबला? भांडा!"

काकीनं घरात जाऊन आतून कडी घातली. इंदूनं कोयती गडग्यावर आपटली. पात्याला दात पडले.

दुपारपर्यंत वाडीत बातमी पोचली ती अशी, की वेडीनं काकीवर कोयता उगारला. फणस त्यात कुठंच नव्हता. सरपंचांनी अण्णांना फोन लावला, अण्णांनी मॅडमना. इंदू जेवली नाही, रात्री पडवीत भिंतीला टेकून बसून राहिली. मंगलनं वही उघडली. झोप: नाही. जेवण: नाही. चिडचिड: हो, खूप.

इंदू बघत होती. तिला वाचता येत होतं.

"माझी चिडचिड तू लिवतीस," ती म्हणाली. "तुझी कोण लिवतं?"

मंगलला उत्तर सुचलं नाही. त्याच संध्याकाळी ती फोनवर आपल्या भावाशी पाऊण तास भांडली होती, जमिनीच्या तुकड्यावरून, आणि रागानं ताटावरून उठली होती.

दुसऱ्या दिवशी मॅडम, मंगल आणि इंदू रिक्षानं ओपीडीत गेल्या. मॅडमना वाटत होतं, डोस वाढवून मिळाला तर बरं, नाही तर चार दिवस दाखलच करावं. त्या वाईट नव्हत्या. हे एक घर उठलं तर तालुक्यात पुढचं घर कुणी देणार नाही, ही त्यांची धास्ती खोटी म्हणता यायची नाही. फक्त त्या धास्तीची गोळी इंदूनं गिळायची होती.

डॉक्टरांनी वही चाळली. मॅडमनी कोयती सांगितली, मंगलनं न झालेली झोप सांगितली. डॉक्टरांनी दोघींना थांबवलं आणि इंदूकडं वळल्या. "तुम्ही सांगा, काय झालं?"

इंदूनं फणसाचं सगळं सांगितलं, पानांसकट.

"कापा की बरका?"

"अजून फोडलाच न्हाई."

डॉक्टर हसल्या, पण प्रश्न विचारायच्या राहिल्या नाहीत. गोळी चुकली का? आधीच्या रात्री झोप कशी होती? आवाज येतात का? वहीत भांडणाच्या आदल्या रात्रीपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग त्यांनी विचारलं, "आजार उलटतो तेव्हा सगळ्यांत आधी तुम्हाला काय होतं?"

त्या घरात राहायला येऊन वर्ष झालं होतं, पण हा प्रश्न तिथं तिला कुणी केला नव्हता. इंदू बराच वेळ विचार करत बसली.

"तवा मी भांडत न्हाई," ती म्हणाली. "तवा मी गप होती. नळातनं दिराचा आवाज येतो. मग मिठाची बरणी लपवून ठेवती, कोणी काय कालवंल म्हणून. तीन-चार रात्री डोळा लागत न्हाई. गोळी जिभंखाली धरती आणि मागं जाऊन थुकती."

मंगलनं हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं. डॉक्टर म्हणाल्या, "हे पान सांभाळा. या आजारात परतायची चाहूल माणसागणिक वेगळी असते. कुणाची झोप उडते, कुणाचा संशय वाढतो, कुणी आंघोळ सोडतं. यांची चाहूल म्हणजे गप्प होणं. या भांडायला लागल्या तर मला आणू नका. भांडायच्या थांबल्या तर त्याच दिवशी आणा."

"पण कोयती?" मॅडम म्हणाल्या.

"फणस कशानं काढतात?"

केसपेपरवर त्यांनी लिहिलं: शेजारणीशी फणसावरून भांडण. औषधात बदल नाही. रक्त नेहमीप्रमाणे.

बेल्जियममध्ये गील नावाचं एक गाव आहे. तिथं कित्येक शतकांपासून मनोरुग्ण साध्या कुटुंबांत राहतात, त्यांच्यातलेच होऊन. 1938 च्या सुमारास ते साडेतीन हजारांच्या वर होते. ज्या घरात माणूस जायचा त्या घरच्यांना आजाराचं नाव सांगायची तिथं पद्धत नव्हती. यात शहाणपण आहे असं मला वाटतं. नाव कळलं, की माणसाची प्रत्येक गोष्ट त्या नावाच्या खात्यावर जमा व्हायला लागते. हसला तरी, रुसला तरी. आपल्याकडं नाव आधी कळतं आणि माणूस मागाहून, कळलाच तर.

घरी आल्यावर मंगलनं पट्टी घेतली आणि चिडचिडीच्या रकान्यापुढं एक नवा रकाना आखला: कशावरून.

अण्णांचा फोन संध्याकाळी आला. करार रद्द करतो, असं म्हणूनच त्यांनी सुरुवात केली. मंगलनं सगळं सांगितलं. पलीकडून थोडा वेळ नुसतीच लोकलची घोषणा ऐकू आली.

"कुठली फांदी? खळ्यातली?" अण्णा म्हणाले. "अगो, माझ्या आईचं आणि काकीचं उभा जन्म त्या फांदीवरून वाकडं होतं. एकदा तर ऐन गणपतीत दोघी एकमेकींच्या आरतीला गेल्या नव्हत्या." मग जरा थांबून, "कराराचं नंतर बघू. आधी सांग, फणस आता आहे कुणाकडं?"

फणस पडवीत गोणपाटाखाली होता. तिसऱ्या दिवशी तो पिकला आणि त्याचा वास गडगा ओलांडून काकीच्या माजघरात शिरला. काकीनं हे तीन दिवस वाईट काढले होते. आपण त्या बाईला बोललो आणि तिचं डोकं फिरलं, ही टोचणी. देवापुढं नारळ ठेवून झाला होता. मंगल गेली तेव्हा तिनं हळूच विचारलं, "काय म्हणाले गो डॉक्टर? वाढलंय काय तिचं?"

"नाही काकी. काही वाढलेलं नाही. औषधसुद्धा बदललं नाही."

"म्हणजे शुद्धीत होती ती?"

"हो."

"पुरती?"

"पुरती."

काकी उठून बसली. "म्हणजे माझा फणस तिनं चांगला शुद्धीत राहून काढला?"

मंगल काही बोलायच्या आत ती पदर खोचून गडग्यापाशी पोचलेली होती.

"इंदू! ए इंदू! बाहेर ये आधी! नातवाला फणसपोळी धाडायची होती मला, बरका आहे तो!"

इंदू केरसुणी घेऊनच बाहेर आली. "मग तसं सांगायचं हुतं. तब्येतीचं कशाला काढलं?"

"तब्येतीचं काढलं ते चुकलं माझं. फणसाचं काही चुकलेलं नाही."

"निम्मा देती."

"झाड माझं, नि निम्मा तू मला देतेस?"

"देती. पण निम्मी पानं तुम्ही झाडायची. सोमवार, बुधवार, शुक्रवार."

"मी सत्तर वर्षांची म्हातारी तुझं खळं झाडू?"

"का? तब्येत बरी नसती का तुमची?"

समोरच्या घरातली माणसं एव्हाना ओट्यावर येऊन बसली होती, दुकानदार वजनकाटा सोडून आला होता. काकीनं इंदूकडं एकदा नीट बघून घेतलं. मग वळसा घालून ती बेड्यातून आत शिरली आणि आठळ्या सगळ्या आपल्या, त्यातली एकही कुणाला मिळायची नाही, हे येता येताच सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात बजावत गोणपाटाशी जाऊन बसली.